'न्यूज'ची कोर्ट ऑफ इन्क्वायरी

मागचा लेख लिहून तीन महिने झाले. मधे एक सुट्टी झाली, गावी शेताच्या बांधाचं जुनं भांडण मिटवलं, परत आलो आणि चेन्नईच्या घामाला लागलो. युनिटचं नाव आणि जागा नेहमीप्रमाणे लिहीत नाही. एवढंच सांगतो की घराच्या गच्चीवरून सेंट थॉमस माउंटची टेकडी दिसते.

या टेकडीला इथले लोक परंगिमलै म्हणतात. मलै म्हणजे डोंगर. परंगी म्हणजे काय ते मी पहिल्या आठवड्यात चहाच्या टपरीवरच्या अण्णांना विचारलं. ते म्हणाले, "फॉरेनर, सार्. पोर्तुगीज." तेव्हा डोक्यात उजेड पडला. परंगी म्हणजे आपला फिरंगी! तमिळमध्ये 'फ' नाही, म्हणून 'प' झाला. ज्या शब्दाने आपल्याकडे गोव्याच्या पोर्तुगीजांना ओळखलं, त्याच शब्दाने इथल्या लोकांनीही ओळखलं. तेव्हापासून शब्दांकडे जरा जास्त लक्ष जायला लागलं. पण आजचा लेख त्या हौसेपायी नाही. माझी एक चूक झाली, ती सांगायची आहे.

माझी मुलगी आठवीत आहे. शाळेत तिला 'बातमी' या विषयावर इंग्रजीत दोन मिनिटं बोलायचं होतं. सुरुवात काय करू म्हणून विचारलं तर मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "न्यूज या शब्दात चार अक्षरं आहेत. नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ. चारी दिशांची माहिती म्हणून न्यूज." पोरगी खूश. बोलली. नंतर बाईंनी तिला बाजूला घेऊन शांतपणे सांगितलं की हे खरं नाही, न्यूज हे फक्त 'न्यू'चं अनेकवचन आहे. बाई रागावल्या नाहीत, पण वर्गातल्या दोघी-तिघींनी ऐकलं. संध्याकाळी मी ड्यूटीवरून आलो तर ती दारातच उभी. "पप्पा, तुम्हाला हे कोणी सांगितलं होतं?"

प्रश्न साधा होता. ती तक्रार करत नव्हती, विचारत होती. मला उत्तर आठवायला रात्र गेली. मग आठवलं. मी नवा शिपाई असताना एका उस्तादांनी वर्गात फळ्यावर लिहून दिलं होतं. मी ते डायरीत उतरवलं. पुढे मी स्वतः शिकवायला लागलो तेव्हा प्रमोशनच्या परीक्षेला बसणाऱ्या जवानांना इंग्रजीच्या पहिल्या तासाला हेच सांगत आलो. वर्ग जागा होतो, पोरं हसतात, भीती मोडते. म्हणजे एक खोटी गोष्ट मी किती जणांच्या हाती दिली असेल? त्यांनी पुढे किती जणांना? फौजेत काही बिघडलं की कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते. मी माझ्यावरच बसवली.

सुट्टीच्या दिवशी लोकल पकडली आणि एग्मोरला उतरलो. तिथे म्युझियमच्या आवारात कन्नेमरा लायब्ररी आहे, १८९६ सालची. देशात छापलेलं प्रत्येक पुस्तक ज्या मोजक्या ग्रंथालयांना द्यावं लागतं त्यांतलं हे एक. आत गेलं की आवाज आपोआप खाली येतो. असे तीन-चार दिवस तिथे काढले. चौकशीत जे निघालं ते असं.

न्यूज म्हणजे 'नवं नवं'. जुन्या फ्रेंचमध्ये नव्या गोष्टींना अनेकवचनी शब्द होता, त्याच्या नमुन्यावर इंग्रजांनी 'न्यू'ला एस लावला. दिशांचा काही संबंध नाही. आता पुढची गंमत. इंग्रजीतला न्यू आणि आपला नवा हे एकाच खानदानातले. लॅटिन, ग्रीक, संस्कृत, फारसी, इंग्रजी ही भावकी आहे हे कलकत्त्यात विल्यम जोन्सने १७८६ मध्ये मांडलं. म्हणजे गावाकडे पारावर कोणी विचारतं "काय नवं?" तेव्हा तो माणूस न्यूजच विचारत असतो, अगदी मुळापासून. हे चार दिशांपेक्षा किती चांगलं आहे! आणि मी आयुष्यभर पोरांना पितळ देत आलो, सोनं खिशात असताना.

माझ्या डायरीतले बाकीचे हिरेही तपासले. 'टिप' म्हणजे म्हणे लवकर सेवा मिळावी म्हणून दिलेले पैसे, त्याची आद्याक्षरं. खोटं. १७ व्या शतकात इंग्लंडच्या चोर-भामट्यांच्या बोलीत 'टिप' म्हणजे 'दे, सरकव' असा अर्थ होता. 'पॉश' म्हणजे विलायतेहून हिंदुस्थानात येताना जहाजाच्या डाव्या बाजूची आणि परतताना उजव्या बाजूची, उन्हापासून लांबची खोली, ती श्रीमंतांची. ऐकायला झकास. पण त्या जहाज कंपनीच्या कागदांत असं शिक्क्याचं तिकीट कुठे सापडलेलं नाही. पॉश कुठून आला हे कोशवाले सरळ लिहितात, माहीत नाही. 'जीप' हा जी आणि पी या अक्षरांपासून झाला असं मला ड्रायव्हिंगच्या कोर्समध्ये सांगितलं होतं. त्यावरही वाद आहे, कारण १९३६ सालीच पॉपायच्या चित्रकथेत जीप नावाचा एक अजब प्राणी होता.

आम्ही फौजी या जाळ्यात पटकन का सापडतो हे मला कळतं. आमचं सगळं जगणं आद्याक्षरांत चालतं. सी.ओ., जे.सी.ओ., ओ.पी., एल.ओ.सी. सुट्टीसुद्धा सी.एल. आणि ए.एल. त्यामुळे कोणताही आखूड शब्द दिसला की आमचा हात टिंबं द्यायला शिवशिवतो. पण आद्याक्षरांचे शब्द बनवायची ही सवय जगात बोकाळली ती मुख्यत्वे विसाव्या शतकात, दोन महायुद्धांच्या सुमारास. 'रडार' हा खरोखर तसा शब्द आहे. पाचशे वर्षं जुन्या शब्दाला कोणी अशी फोड लावली तर शंका घ्यावी. संत्री जशी अंधारात घेतो तशी.

संत्रीवरून आठवलं. पूर्वी हिंदुस्थानी संत्री रात्री कोणी दिसलं की 'हुकुमदार!' असं ओरडायचा. कोणी म्हणेल फारसी शब्द आहे, हुकूम बाळगणारा. प्रत्यक्षात साहेबाने शिकवलेलं 'कोण येतंय तिकडे' हे इंग्रजी आव्हान आपल्या शिपायांच्या तोंडात बसताना असं झालं. शब्द परका, पण त्याला कपडे ओळखीचे घातले. पलटण, रंगरूट, बिगुल ही सगळी अशीच भरती झालेली मंडळी. रंगरूट म्हणजे रिक्रूट, हे सांगितलं की आजही नवी पोरं हसतात.

गोऱ्या शिपायांनीही उलट हेच केलं. मोहरमच्या मिरवणुकीतल्या 'या हसन, या हुसेन' या आक्रोशाचं त्यांनी 'हॉब्सन-जॉब्सन' करून टाकलं. याच नावाचा हिंदुस्थानी-इंग्रजी शब्दांचा जाडजूड कोश १८८६ मध्ये निघाला. तो मी इथे पहिल्यांदा हातात घेतला. करणारे दोघे. कर्नल हेन्री यूल हा बंगाल इंजिनिअर्सचा फौजी माणूस. दुसरा आर्थर बर्नेल, मद्रास सिव्हिल सर्व्हिसचा. या बर्नेलने आपल्या भोसले राजांच्या तंजावरच्या वाड्यातल्या संस्कृत पोथ्यांची सूची केली होती. कोश छापून येण्याआधीच १८८२ मध्ये तो गेला. यूलने काम पुरं केलं. आपल्या मराठीचा मोठा कोश करणारा मोल्सवर्थही मुंबई फौजेतला अधिकारीच. बंदूकवाल्यांनी शब्दांची इतकी उस्तवार केलेली पाहून मला आपला वाटायला लागला तो कोश.

आता ज्या शब्दासाठी मी खरं तर हा लेख लिहायला बसलो त्याकडे येतो. टँक.

चेन्नईच्या वायव्येला आवडी आहे. इथे हेवी व्हेइकल्स फॅक्टरी आहे. १९६५ मध्ये इथून विजयंता रणगाडा बाहेर पडला, पुढे टी-७२ अजेय, अर्जुन, टी-९० भीष्म. फौजेत आम्ही कोणी रणगाडा म्हणत नाही. टँकच म्हणतो. आणि याच चेन्नईत जुन्या नकाशांवर, पाट्यांवर जागोजाग टँक आहेत, ते मात्र तलाव. नुंगमबाक्कमला टँक बंड रोड आहे. आज तिथे तलावाचा थेंब नाही. टी. नगर, जिथे आमच्या घरची मंडळी साड्या घ्यायला जातात आणि मी पिशव्या धरून उभा राहतो, ते वसलं मैलापूरच्या 'लाँग टँक'च्या पोटात. १९२० च्या दशकात तो लांबलचक तलाव आटवून तिथे प्लॉट पाडले. पश्चिम मांबलममध्ये 'लेक व्ह्यू रोड' अजून आहे, लेक नाही. डिसेंबर २०१५ मध्ये पाणी आपली जुनी जागा शोधत या शहरात घुसलं तेव्हा फौजेला होड्या घेऊन उतरावं लागलं. मी तेव्हा दुसरीकडे होतो, पण त्या कामावर असलेल्या एकाने सांगितलं, ज्या गल्ल्यांच्या नावात पाणी होतं तिथे पाणी होतं.

तर तलावाला टँक आणि रणगाड्यालाही टँक, हे कसं? पहिल्या महायुद्धात १९१५ च्या अखेरीस इंग्रज हे लोखंडी यंत्र गुपचूप बनवत होते. कारखान्यात एवढं काय घडतंय हे कोणाला कळू नये म्हणून सांगायचं, पाण्याच्या टाक्या आहेत. ते खोटं नाव चिकटलं. १५ सप्टेंबर १९१६ ला फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत ते यंत्र पहिल्यांदा उतरलं ते टँक म्हणूनच.

आणि पाण्याच्या टाकीला इंग्रजीत टँक का म्हणतात? इथे मान ताठ करून बसा. इंग्रज १७ व्या शतकात सुरतेकडे उतरले तेव्हा त्यांनी हा शब्द गुजरातीतून आणि मराठीतून उचलला. टाकं, टांकं. शिवनेरीवर गंगा-जमुना नावाची कातळातली पाण्याची टाकी आहेत, पाहिली असतील. आमच्या भागातल्या गडांवरही आहेत. लहानपणी त्यांत वाकून ओंजळीने पाणी प्यायलो आहे. त्या टाक्याचं नाव सातासमुद्रापार गेलं, गुप्त कामाचा बुरखा झालं, चिखलात लढलं आणि आवडीच्या गेटातून परत आपल्याच फौजेत भरती झालं. हे वाचलं तेव्हा लायब्ररीत मी मोठ्याने हसलो आणि शेजारच्या आजोबांनी माझ्याकडे पाहिलं.

पण इन्क्वायरी म्हटली की दुसऱ्या बाजूचा साक्षीदारही घ्यावा लागतो. पोर्तुगीजांकडे 'टांक' हा त्यांचा स्वतःचा शब्द होता, साचलेल्या पाण्याच्या लॅटिन शब्दापासून आलेला. त्यामुळे इंग्रजीतला टँक पूर्ण आपला की दोन प्रवाह मिळून झालेला, यावर कोशकारांत मतभेद आहेत. माझं मत विचाराल तर दोन्ही खरं असावं. विहिरीला एकच झरा असतो असं कुठे आहे? पण वर्गात सांगताना मी "टँक मराठी आहे" एवढंच सांगून टाळी घेणार नाही. पोर्तुगीजाचंही नाव घेईन. आता हे ठरवलंय.

कारण खोटी आद्याक्षरं जितकी वाईट, तितकंच 'सगळं आमच्याकडून गेलं' हेही वाईट. हा रोग आपल्याकडे आहे आणि इथेही आहे. आपल्याकडचे फॉरवर्ड तुम्हालाही येतात. सांबार हे नाव संभाजी महाराजांवरून पडलं, तंजावरच्या मराठ्यांच्या मुदपाकखान्यात आमटीत चिंच पडली वगैरे. मीही हे इथल्या मेसमध्ये छाती पुढे काढून सांगितलंय. तंजावरला मराठ्यांचं राज्य होतं हे खरं, सरस्वती महाल ग्रंथालय आजही उभं आहे, बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसल्यांचा लांबलचक मराठी शिलालेख आहे. अभिमानाला एवढं पुरे नाही का? सांबाराच्या गोष्टीला मात्र त्या काळचा कागद कोणी दाखवत नाही. मग ती ताटात कशाला वाढायची?

इथली बाजू अण्णांनी लढवली. एक दिवस चहा उकळत होता तेव्हा मी त्यांना म्हटलं, तुमच्याकडून इंग्रजीत बरंच गेलंय. करी तुमची. चिरूट तुमचा, सुरुट्टु म्हणजे गुंडाळलेलं. कटमरान तुमचं, कट्टु म्हणजे बांधणे आणि मरम् म्हणजे लाकूड, कासिमेडूच्या कोळ्यांचं ओंडके बांधलेलं तराफं. अण्णा खूश झाले आणि लगेच पुढे सरसावले. "सार्, एट् पण आमचा. तमिळमध्ये आठ म्हणजे एट्टु. एट्, एट्टु. इंग्लिशने तमिळमधून घेतला."

मला पटकन उत्तर देता आलं नाही. ऐकायला अगदी एक. पण मी म्हटलं, आमच्यात आठ आहे, तोही जवळच आहे. त्यावर ते म्हणाले, मग तुम्ही पण आमच्याकडून घेतला! शेजारी बाकावर बसलेले दोघे हसले. वातावरण खेळीमेळीचं होतं, पण अशा गोष्टी खेळीमेळीतून कधी घसरतात ते तुम्हाला ठाऊक आहे. भाषेवरून माणसाची कॉलर धरलेली मी इकडेही पाहिली आहे आणि आपल्याकडेही. दोन्ही वेळा धरणाऱ्याला वाटत होतं की तो आपल्या आईची बाजू घेतोय.

उत्तर पुढच्या फेरीत लायब्ररीत मिळालं, आणि तेही मद्रासचंच निघालं. फ्रान्सिस व्हाइट एलिस नावाचा इथला कलेक्टर होता. त्याच्या पुढाकाराने १८१२ मध्ये फोर्ट सेंट जॉर्जला साहेबांना दक्षिणी भाषा शिकवायचं कॉलेज निघालं. त्याने १८१६ मध्ये दाखवून दिलं की तमिळ, तेलुगू, कन्नड यांचं एक वेगळं घराणं आहे, संस्कृतातून निघालेलं नाही. कॉल्डवेलचा द्राविडी भाषांवरचा प्रसिद्ध ग्रंथ त्यानंतर चाळीस वर्षांनी आला. कॉल्डवेलचा पुतळा मरीनावर आहे, एलिसला फारसं कोणी ओळखत नाही. फौजेतही असंच होतं, असो. एलिसची रीत सोपी होती. आवाजावर जाऊ नका, धातूपर्यंत जा, शब्दाचे सगळे भाऊ शेजारी उभे करा. तसे उभे केले तर काय दिसतं? कन्नडमध्ये आठ म्हणजे एंटु. तमिळमध्येच ऐंशी म्हणजे एण्-पदु. म्हणजे एट्टुच्या मुळात 'ण' बसलाय. इंग्रजी एटच्या भावांत, लॅटिन ओक्टो आणि संस्कृत अष्ट यांच्यात, 'क' आणि 'ष' आहे, 'ण' कुठे नाही. दोन अनोळखी माणसं स्टेशनवर एकसारखा शर्ट घालून उभी राहावीत, तसा योगायोग.

म्हणजे आठ आणि एट हे दूरचे चुलते, आणि एट्टु या सगळ्यांना कोणीच नाही. अण्णांना हे सांगणं सोपं नव्हतं. ते मी सांबारापासून सुरू केलं. आधी आमची लबाडी कबूल केली, मग एट्टुवर आलो. ते कपात चहा वरखाली करत ऐकत होते.

वर्गात मात्र लगेच सुधारणा केली. फळ्यावर न्यूज लिहिलं, बाजूला नवा लिहिलं, आणि सांगितलं की गेल्या तुकडीपर्यंत मी चुकीचं शिकवत होतो. जे.सी.ओ.ने असं कबूल करावं का यावर माझ्या एका दोस्ताचं मत वेगळं आहे. त्याच्या मते पोरांचा विश्वास उडतो. मला तसं दिसलं नाही. एक आपल्याकडचा गणपत, सोलापूर बाजूचा, इंग्रजीच्या तासाला कायम मागच्या बाकावर बसणारा, हात वर करून म्हणाला, "साहब, मग चिट पण इंग्रजी नाही?" सिक चिट तो नुकताच घेऊन आला होता. नाही म्हटलं, चिठ्ठी. साहेबाने शेपूट कापलं. इथे गल्लोगल्ली ज्या चिट फंडाच्या पाट्या दिसतात तीही तीच चिठ्ठी, नाव काढायची. आणि कॉट? खाट. आणि गनी बॅग? गोणी. मग कोणीतरी लूट म्हणालं, कोणीतरी खाकी. मुंगूस तर सरळ मराठीतून पोर्तुगीजांच्या हातून इंग्रजीत जाऊन माँगूस झाला. देवळालीचा ताप सांगितला तेव्हा वर्ग खाली आला. विलायतेच्या बोटीची वाट पाहत नाशिकजवळ देवळालीच्या छावणीत पडून राहिलेले गोरे शिपाई उन्हाने आणि कंटाळ्याने चक्रम व्हायचे, त्याला ते 'डूलाली टॅप' म्हणायचे. टॅप म्हणजे आपला ताप. आजही विलायतेत डोकं फिरलेल्याला डूलाली म्हणतात.

त्या तासाला ज्यांनी कधी तोंड उघडलं नव्हतं अशा चौघांनी इंग्रजी शब्द मोठ्याने उच्चारले. बरोबर उच्चारले असं नाही. पण उच्चारले.

मुलीला सगळं दाखवलं, वहीत लिहून आणलेलं. तिने वाचलं आणि लगेच विचारलं, "मग ओके? ते पण खोटं?" मी म्हणणार होतो की हो, खोटंच असणार, पण या वेळी तोंड आवरलं आणि पाहून आलो. ओके हे खरंच आद्याक्षरांचं निघालं! १८३९ मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या एका वर्तमानपत्राने 'ऑल करेक्ट'चं मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून त्याची अक्षरं छापली होती, थट्टा म्हणून. ती थट्टा जगभर गेली. मुलगी म्हणाली, "म्हणजे दर वेळी बघावंच लागतं." हो बाई, बघावंच लागतं.

अण्णांचं राहिलं. एट्टुवर ते शेवटपर्यंत पूर्ण पटलेले नाहीत. "सरि, सार्," म्हणाले, तेही बरोबर म्हणून की बास म्हणून, मला समजलं नाही. मग थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "तुम्ही मला पहिल्या दिवसापासून अण्णा म्हणता. कोणी शिकवलं?" मी सांगितलं, कोणी नाही. आमच्याकडे घराघरात अण्णा असतो, अक्का असते, अप्पा असतात. माझ्या थोरल्या चुलत्यांना आम्ही अण्णाच म्हणतो. ते थांबले. "तो कोणाचा?"

"तुमच्या घराण्यातला," मी म्हटलं. "आमच्याकडे कन्नडच्या वाटेने आला."

त्यांनी बाकावरच्या दोघांना ते तमिळमध्ये सांगितलं. बऱ्याच वेळ सांगत होते, माझ्या एका वाक्याच्या मानाने फारच वेळ. त्यात सांबार दोनदा ऐकू आलं.